माफ झालेलं भाषण

एका भाषणाबद्दल लिहायचं आहे. ते कुठल्या भाषणसंग्रहात सापडणार नाही. ज्यांनी केलं त्यांना आपण काही लिहिण्या-वाचण्याजोगं बोलतोय असं वाटलंही नसेल. पण ते ऐकायला समोर बारा माणसं बसली होती आणि त्या बारा माणसांच्या हातात तेराव्याचा जीव होता.

जानेवारी १९७४. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य. विली जॅस्पर डार्डन या कृष्णवर्णीय माणसावर खुनाचा खटला चालू होता. चार महिन्यांपूर्वी, ८ सप्टेंबर १९७३ रोजी, लेकलँडजवळच्या एका फर्निचरच्या दुकानात दरोडा पडला होता. दुकानाच्या मालकाचा त्याच्या बायकोसमोर खून झाला. मदतीला आलेल्या शेजारच्या सोळा वर्षांच्या मुलाला गोळ्या लागल्या, पण तो वाचला. डार्डन आधीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता आणि नेमका त्या दिवसांत रजेवर बाहेर आला होता. मालकाच्या बायकोने आणि त्या मुलाने त्याला ओळखलं. डार्डनचं म्हणणं एकच होतं: तो मी नव्हे.

साक्षीपुरावे संपल्यावर दोन्ही बाजूंचे वकील ज्यूरीसमोर शेवटचं बोलतात. इथे सरकारी वकील काय बोलले, ते निकालपत्रांमध्ये नोंदलेलं आहे. ते डार्डनला जनावर म्हणाले. गळ्यात पट्टा आणि पट्ट्याचं दुसरं टोक शिपायाच्या हातात असल्याशिवाय याला कोठडीबाहेर सोडायलाच नको होतं, असं म्हणाले. मग इच्छांची एक माळच सुरू झाली. मालकाच्या हातात बंदूक असती आणि त्याने याचं तोंड उडवलं असतं तर बरं झालं असतं. तोंड उडालेल्या अवस्थेत हा इथे बसलेला मला बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं. शेवटची गोळी याने स्वतःवर झाडली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी याच्या गाडीला अपघात झाला, त्यात मेला असता तर बरं झालं असतं, पण तिथेही आपलं नशीब आड आलं. ओळख लपवायला याने केस बदलले, दाढी बदलली, वजनसुद्धा बदललं. स्वतःचा गळा कापणं तेवढं राहिलं.

ही वाक्यं मी पहिल्यांदा वाचली ती फोनवर, रात्री, एका वेगळ्याच गोष्टीचा शोध घेताना. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालपत्रात ती तळटिपांमध्ये आहेत. बारीक अक्षरात. बोटांनी स्क्रीन मोठी करून वाचावी लागली. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडला आहे आणि तो कायद्याचा कमी, वाचनाचा जास्त आहे: या वाक्यांनी ऐकणाऱ्यांवर काही परिणाम केला नाही, असं म्हणणारा वाचक नेमकं काय वाचत होता?

*

आधी नियम काय आहे ते थोडक्यात. सरकारी वकिलाने शेवटच्या भाषणात पुराव्याचा अर्थ लावावा, तर्क करावा, तावातावाने बोलावं, सगळं चालतं. पण पुराव्यात नसलेली गोष्ट सांगू नये. ‘मला स्वतःला खात्री आहे की हाच गुन्हेगार’ अशी स्वतःची पत घालू नये. आरोपीच्या जातीवंशावर, श्रोत्यांच्या भीतीवर किंवा रागावर भिस्त ठेवू नये. याला सोडलंत तर पुढचा बळी तुमच्या घरातला असेल, असं सुचवू नये.

बचावाच्या वकिलापेक्षा सरकारी वकिलावर ही बंधनं कडक का? याचं उत्तर १९३५ साली बर्जर खटल्यात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी दिलं. खोट्या नोटांचं प्रकरण होतं. सरकारी वकिलाने साक्षीदारांच्या तोंडी त्यांनी न बोललेले शब्द घातले होते, न्यायालयाबाहेर आपल्याला खासगीत काही कळलंय असं भासवलं होतं. सदरलँड यांचं म्हणणं असं की सरकारी वकील हा नेहमीचा पक्षकार नव्हे. तो राज्यसत्तेच्या वतीने बोलतो आणि राज्यसत्तेचं हित खटला जिंकण्यात नसून न्याय होण्यात असतं. त्याने जोराचे ठोसे मारावेत, नियमबाह्य ठोसे मारू नयेत. आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो, म्हणूनच त्याचा सुचवण्याचा स्वरसुद्धा पुराव्याइतका जड होऊन बसतो. बर्जरला नव्याने खटला मिळाला.

शेवटचा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. शब्दांचं वजन शब्दांत नसतं, बोलणाऱ्याच्या खुर्चीत असतं. तेच वाक्य चहाच्या टपरीवर कुणी बोललं तर मत असतं. सरकारी वकील बोलला की ते जवळजवळ बातमी होतं.

*

ही भाषणं कशी रचलेली असतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. मी तीन नमुने घेतो.

पहिला दोन वाक्यांचा आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्रिफिन खटल्यात आरोपीने साक्षीच्या पिंजऱ्यात न येण्याचा हक्क वापरला होता. सरकारी वकील ज्यूरीला म्हणाला: एसी मे मेली आहे, ती तिची बाजू सांगू शकत नाही. आरोपी सांगणार नाही. बस. मेलेल्या बाईला पहिल्या नावाने हाक, जणू ती ज्यूरीच्या शेजारी राहणारी. जिवंत माणसाला नावच नाही, तो नुसता ‘आरोपी’. एकीचं ‘शकत नाही’ आणि दुसऱ्याचं ‘सांगणार नाही’ शेजारीशेजारी ठेवले की दोन गप्प राहण्यांमधला फरक आपोआप गुन्ह्याची कबुली बनतो. एकही तथ्य खोटं नाही. लहान कथेत असं वाक्य सापडलं तर आपण पेन्सिलने खूण करू. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याला हे चालतही होतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालणार नाही. गप्प राहण्याचा हक्क वापरल्याचा दंड गप्प राहणाऱ्याकडून वसूल करता येणार नाही.

दुसऱ्या नमुन्यात वाक्यापेक्षा वस्तू महत्त्वाची. इलिनॉय राज्यात आठ वर्षांच्या मुलीच्या हत्येच्या खटल्यात सरकारी पक्षाने एक चड्डी पुढे केली. तिच्यावर लालसर तपकिरी डाग होते. हे रक्त, तेही मुलीच्या रक्तगटाचं, असं ज्यूरीला पुनःपुन्हा सांगण्यात आलं. लॉइड मिलर नावाच्या टॅक्सीचालकाला मृत्युदंड झाला. पुढे तपासणीत निघालं की डाग रंगाचे होते. रंग आहे हे सरकारी पक्षाला खटल्याच्या वेळीच ठाऊक होतं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली एकमताने ती शिक्षा रद्द केली. वस्तू डोळ्यांसमोर धरली की कान काम करायचं थांबवतात, हे नाटकवाल्यांना ठाऊक असतं. वकिलांनाही असतं.

तिसरा नमुना आपल्या फोनच्या सर्वांत जवळचा आहे. वॉशिंग्टन राज्यात एका सरकारी वकिलाने शेवटच्या भाषणात स्लाइड्स दाखवल्या. अटकेनंतर पोलिसांनी काढलेला आरोपीचा फोटो, चेहरा जखमी, केस विस्कटलेले. त्यावर मथळा: याच्यावर विश्वास ठेवाल? मग त्याच फोटोवर लाल अक्षरांत ‘दोषी’ हा शब्द, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, एकावर एक तिरपे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही शिक्षा फिरवली. ही स्लाइड मी वर्णनावरूनच डोळ्यांसमोर आणली आणि मला ती लगेच ओळखीची वाटली. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर ती येते, चेहरा तेवढा बदललेला असतो.

या तिन्ही खटल्यांत न्यायालयाने शिक्षा फिरवली. तळटिपेतल्या त्या इच्छांच्या माळेबाबत तसं झालं नाही.

*

डार्डनचा खटला वर वर चढत १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो हरला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचं. ते भाषणाचं समर्थन करत नाहीत. भाषण निषेधार्ह आहे, असंच म्हणतात. पण त्यांच्या मते खरा प्रश्न वेगळा होता: या शब्दांनी संपूर्ण खटलाच नासला, अन्याय्य झाला का? उत्तर: नाही. पुरावा भक्कम होता. वकिलांची भाषणं म्हणजे पुरावा नव्हे, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला अनेकदा बजावलं होतं. आणि बचावाच्या वकिलाला शेवटचं बोलायची संधी होती. ती त्याने वापरली, सरकारी वकिलांचंच बोलणं त्यांच्यावर उलटवलं.

या वाचनात दम आहे, हे मान्य करायला हवं. अति केलं की श्रोता बिथरतो, हा आपलाही अनुभव. शिवाय पॉवेल एका बारकाव्याकडे लक्ष वेधतात: ‘जनावर’ हा शब्द आधी बचावाच्या वकिलानेच उच्चारला होता. मालकाच्या बायकोबद्दल सहानुभूती दाखवताना तो म्हणाला होता की हे ज्याने केलं तो क्रूर जनावरच असला पाहिजे. म्हणजे शब्द दोघांचा, दोष एकट्याचा कसा?

पण नेमक्या याच जागी, मला वाटतं, पॉवेल वाचक म्हणून चुकले. खटल्यातला वाद एवढाच होता की ते करणारा माणूस हाच का. गुन्हा भयंकर आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. बचावाचा वकील म्हणाला, ज्याने केलं तो जनावर. त्या ‘ज्या’ची जागा रिकामी होती. सरकारी वकील म्हणाले, हे जनावर. रिकाम्या जागेत बोट दाखवून माणूस बसवला. जो प्रश्न बारा जणांनी सोडवायचा होता तो एका ‘हे’ने सोडवून टाकला. शब्द तोच, वाक्य वेगळं. शाळेत सर्वनामं शिकलेल्या कुणालाही हा फरक कळेल.

बहुमतात नसलेल्या चौघांच्या वतीने न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी भिन्नमत लिहिलं. त्यांनी केलेली गोष्ट साधी होती. व्यवसायाचे नियम एकेक करून मांडले आणि प्रत्येकापुढे भाषणातली वाक्यं ठेवली. स्वतःची खात्री सांगू नये: इथे उभा आहे याची जितकी खात्री आहे तितकीच हा खुनी असल्याची खात्री आहे, असं म्हटलं गेलं. भीती दाखवू नये: याला मृत्युदंड दिल्याशिवाय हा बाहेर येणार नाही याची मला शाश्वती नाही, असं म्हटलं गेलं. निकालपत्रात असं शेजारीशेजारी ठेवून वाचणं ही समीक्षाच आहे.

*

‘चुकलं, पण त्याने काही बिघडलं नाही’ या भूमिकेला अमेरिकी कायद्यात मोठी जागा आहे. तिला निरुपद्रवी चूक म्हणतात. ती हवीच, कारण कुठलाच खटला निर्दोष नसतो. एका वाक्यासाठी सगळं पुन्हा सुरू करायचं म्हणजे त्या बाईने नवऱ्याचा खून पुन्हा एकदा अनोळखी माणसांसमोर सांगायचा. हा विचार करूनच पुढचं म्हणतो.

ज्यूरी कारण देत नाही. तिचा निकाल एक-दोन शब्दांचा. खोलीत कुणाला काय पटलं, कुणाच्या डोक्यात काय घोळत राहिलं, याची नोंद नसते. अपिलाचे न्यायाधीश वर्षांनी कागद वाचतात. आवाज गेलेला असतो, थांबणं गेलेलं असतं, बोट कुणाकडे होतं ते गेलेलं असतं. त्या कागदावरून ते ठरवतात की परिणाम झाला नाही. ही कायद्याची आकडेमोड नव्हे. हा वाचनाचा अंदाज आहे, आणि अंदाजात चूक झाली तर किंमत वाचकाला पडत नाही.

हे त्यांच्यातल्याच काहींनी ओळखलं होतं. १९४६ साली युद्धकाळात सदोष दारूगोळा पुरवल्याचा आरोप असलेल्या एका फटाक्यांच्या कंपनीचा खटला अपिलात आला. सरकारी वकिलाने ज्यूरीच्या देशभक्तीला हात घातला होता. शिक्षा कायम राहिली. न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी भिन्नमतात आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं: वकिलाला निकालपत्रात रागवायचं आणि त्याचा विजय त्याच्याकडेच ठेवायचा, हा निव्वळ विधी झाला, हतबल भाविकपणा झाला. यातून वकील एवढंच शिकतात की न्यायालयाचे कान उपटणं सोसता येतं. तीन वर्षांनी न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की ज्यूरीला सूचना देऊन मनावरचा परिणाम पुसता येतो हा भोळा समज आहे, तो निव्वळ कल्पित आहे हे प्रत्येक वकिलाला ठाऊक असतं. जॅक्सन न्यूरेंबर्गच्या खटल्यातले अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील. शब्दांनी काय होतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मला फ्रँक यांच्याही पुढे जावंसं वाटतं. अशा भाषणाने निकाल बदलला का, एवढंच न्यायालय विचारतं. पण हे भाषण श्रोत्याला काही नवी माहिती देतच नाही. ते परवानगी देतं. डार्डनचं तोंड उडालेलं बघायला मला आवडेल, असं राज्यसत्तेचा माणूस भर न्यायालयात म्हणतो, तेव्हा समोरच्या बारा जणांना कळतं की इथे असं वाटून घ्यायला हरकत नाही. पुरावा तोलण्याचं कंटाळवाणं, अवघड काम बाजूला ठेवलं तरी चालेल. निकाल तोच लागला असता, असं धरून चालू. पण तो कुणी लावला, तोलणाऱ्यांनी की चेकाळलेल्यांनी, हा फरक उरतोच.

*

परवानगीची ही गोष्ट मला निकालपत्रं वाचून कळली नाही. ती मराठीत आधीच वाचली होती. डार्डनबद्दल वाचताना मला सारखे सुखात्मे आठवत होते.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. सुलभा देशपांड्यांची बेणारे अनेकांना नाटक न पाहताही माहीत असते. मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला येतात. रात्रीच्या खेळात आरोपी असणार आहेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. मधल्या वेळेत गंमत म्हणून दुसरा खटला भरवतात, आरोपी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. इथे ज्यूरी नाही. पण सरकारी वकील आहे, आणि त्याच्या हातून जे जे होऊ नये ते सगळं होतं.

सामंत हा गावातला साधा माणूस साक्ष देतो ती खिशातल्या कादंबरीच्या आधारे, आणि ती साक्ष म्हणून रुजू होते. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीला उभे राहतात. सुखात्मे दोन्ही पक्षांचे वकील. सरकारी वकील म्हणून त्यांचं भाषण मातृत्व, समाज, परंपरा असं चढत जातं. बेणारेने काय केलं हा प्रश्न त्यात केव्हाच विरून जातो, ती कोण आहे एवढंच उरतं. मग जागा बदलून बचावाचं भाषण, पडेल चेहऱ्याने, चार वाक्यांत, दयेची याचना. दोन भाषणांच्या लांबीतच निकाल लागलेला असतो.

तेंडुलकरांनी सुखात्म्यांना चालती वकिली दिलेली नाही, ही मला नाटकातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. ज्याला खऱ्या कोर्टात कुणी विचारत नाही तो इथे फुलून येतो. आणि बाकीचेही फुलतात. ‘खेळच तर आहे’ असं म्हणत प्रत्येक जण थोडं थोडं पुढे सरकतो. सुखात्म्यांच्या भाषणातून कुणालाच काही नवीन कळत नाही. त्यांना जे आधीपासून वाटत होतं ते वाटून घ्यायला आता काळा झगा पाठीशी आहे. शेवटी बेणारेचं ते प्रदीर्घ स्वगत येतं तेव्हा मंचावरचं कुणी ते ऐकत नाही. ऐकतो फक्त प्रेक्षक. डार्डनही साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलला होता. त्याच्या नंतर झालेलं भाषण मला आज पाठ आहे. त्याची साक्ष मला शोधावी लागली.

*

आपल्याकडे ज्यूरी उरलेली नाही. १९५९ साली मुंबईत नानावटींना ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी तो निकाल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. त्यामुळेच ज्यूरी गेली, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर विधी आयोगाने १९५८ सालीच ती बंद करण्याची शिफारस केली होती, आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली गेली नाही. पण नानावटींचा खटला विसरू नये तो दुसऱ्या कारणासाठी. तिथे शहरभरातलं बोलणं आणि छापलेलं आरोपीच्या बाजूने वाहत होतं. परवानगी माफ करायचीही असते, आणि तीही पुराव्याला बगल देऊनच मिळते.

म्हणून ‘आता आपला काय संबंध’ असं मला म्हणवत नाही. तोलायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नसतं, भाषण मात्र आपल्यापर्यंत रोज पोचतं. त्यातलं ‘ज्याने केलं तो’ कुठल्या वाक्यात ‘हा’ झाला, एवढं बघायची सवय मला या एका निकालपत्राने लावली.

विली डार्डन दोषी होता की नव्हता, हे मला माहीत नाही, आणि हे लेखन त्याबद्दल नाही. १५ मार्च १९८८ रोजी फ्लोरिडात विजेच्या खुर्चीत त्याला मृत्युदंड देण्यात आला. शेवटपर्यंत तो म्हणत राहिला की मी नव्हतो. चौदा वर्षांपूर्वीच्या भाषणातल्या इच्छा एकच सांगत होत्या, हा मेला असता तर बरं झालं असतं. ते भाषण आजही निकालपत्राच्या तळटिपांमध्ये आहे. निषेध करून माफ केलेलं.